पडद्यावरचा दर्या आणि दऱ्या

मॉनिटर दुकानात बाजूने दाखवला जातो आणि घरी समोरून वापरला जातो. जबलपूरच्या मढाताल भागातले जयंती कॉम्प्लेक्स घ्या किंवा दुसऱ्या कोणत्याही शहरातली संगणकाची बाजारपेठ घ्या, विक्रेता रुंद पडद्याचा नवा मॉनिटर किंचित वळवतो आणि त्याची पातळ कड गिऱ्हाइकासमोर धरतो. समोरच्या बाजूला एखादी रंगीत चित्रफीत चालू असते: समुद्र, फुलपाखरे, रात्रीचे शहर. कड बोटाएवढी पातळ आहे, रंग डोळ्यांत भरतात, किंमत परवडते, आणि पाच मिनिटांत खरेदी उरकते. मात्र त्या पाच मिनिटांत एकही ओळ वाचलेली नसते. घरच्या मॉनिटरवर माणूस सर्वात जास्त काय करतो, तर वाचतो आणि लिहितो. मुलांचा अभ्यास, बँकेचे विवरण, अर्ज, पत्रे, बातम्या, हिशेबाचे तक्ते ही सगळी अक्षरांची कामे आहेत. म्हणून घरासाठी मॉनिटर निवडताना कडेची जाडी शेवटी पाहावी आणि पडद्यावरचे सर्वात अवघड अक्षर आधी पाहावे. मराठी घराला तर ही परीक्षा इंग्रजी वाचणाऱ्या घरापेक्षा जास्त गरजेची आहे. त्याची कारणे लिपीत आहेत, भूमितीत आहेत आणि थोडी जबलपूरच्या उन्हाळ्यातही आहेत.

आधी पातळपणाला त्याचे श्रेय द्यायला हवे. काचेच्या नळीचा जुना सतरा इंची मॉनिटर मागे चाळीस सेंटिमीटरहून जास्त पसरलेला असे, त्याचे वजन पंधरा किलोच्या घरात जाई आणि वीजही बरीच लागे. साध्या टेबलावर तो ठेवला की कीबोर्डला जागा उरत नसे आणि पडदा डोळ्यांच्या फार जवळ येई. सपाट एलसीडी पडद्याने ही अडचण दूर केली, आणि तो बदल खराच मोठा होता. पुढचा बदल प्रकाशाचा. एलसीडीचे पटल स्वतः उजळत नाही, त्याच्या मागून प्रकाश द्यावा लागतो. सुरुवातीला त्यासाठी बारीक ट्यूब असत. २०१० च्या आसपास त्यांची जागा एलईडींनी घेतली. घरगुती मॉनिटरांत हे एलईडी बहुधा पडद्याच्या एका कडेला ओळीने बसवतात आणि मागची पारदर्शक पाटी तो प्रकाश सगळीकडे पसरवते. त्यामुळे मॉनिटर आणखी पातळ झाला. पण पहिल्या बदलाने टेबलावरची हातभर जागा मोकळी केली, तर दुसऱ्याने फक्त दोनचार सेंटिमीटर कमी केले, आणि तेही टेबलाच्या पदरात पडले नाहीत. मॉनिटर स्टँडवर उभा राहतो. चोवीस इंची पडदा डगमगू नये म्हणून स्टँडच्या पायाला साधारण वीस सेंटिमीटर खोली लागते, मग वरचे पटल एक सेंटिमीटर जाड असो की चार. एचडीएमआयची केबल सरळ मागे निघत असेल, तर तिला वळायलाही चार-पाच सेंटिमीटर लागतात. म्हणजे भिंतीपासून पडद्याचे अंतर जवळजवळ तेवढेच राहते.

शिवाय या पातळपणाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. प्रकाश कडेकडून येत असल्यामुळे तो सगळीकडे सारखा पोचवणे कठीण होते. काळ्या पडद्यावर कोपऱ्यांत दिसणारे धुरकट पांढरे डाग हा बहुतेक वेळा याच रचनेचा परिणाम असतो. वीज बदलून देणारा भाग पूर्वी मॉनिटरच्या पोटात असे. अनेक पातळ मॉडेलांत तो बाहेर येतो आणि केबलच्या मधोमध लोंबणारा अडॅप्टर होतो. काही मॉडेलांत स्पीकर गाळलेले असतात. काहींत भिंतीवर किंवा टेबलाच्या हातावर मॉनिटर बसवण्यासाठी मागे लागणारी चार भोके, ज्यांना व्हेसा माउंट म्हणतात, तीही नसतात. स्टँड तर बहुधा फक्त पुढेमागे कलणारा मिळतो, वर-खाली होणारा नाही. यातला एकही दोष कड पाहून कळत नाही. उलट कड जितकी पातळ, तितके हे प्रश्न नेमके विचारण्याची गरज जास्त.

आता रुंदीकडे वळू. पडद्याचा आकार कर्णात, म्हणजे एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. हे माप फसवे आहे. जुन्या चारास तीन प्रमाणाच्या एकोणीस इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे १७३ चौरस इंच भरते. सोळास नऊ प्रमाणाच्या तितक्याच इंचांच्या रुंद पडद्याचे सुमारे १५४. इंच तेच राहिले, जागा जवळजवळ अकरा टक्क्यांनी घटली, आणि घटली ती उंचीतून. सोळास नऊ हे प्रमाण मुळात टीव्हीचे आहे. टीव्ही आणि मॉनिटर यांची पटले एकाच प्रमाणात कापणे कारखान्यांना सोयीचे, म्हणून २००८ ते २०१० च्या सुमारास संगणकाचे सोळास दहा प्रमाणाचे पडदे मागे पडले आणि हे प्रमाण सर्वत्र रूढ झाले. वाचणाऱ्याला रुंदीपेक्षा उंची जास्त लागते, कारण पान उभे असते. तरी रुंद पडदा टाकाऊ आहे असे मात्र नाही. चोवीस इंची पडदा सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो, आणि ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा. म्हणजे दोन पूर्ण पाने खऱ्या आकारात शेजारी शेजारी बसतात, वर दहा-अकरा सेंटिमीटर रुंदी उरते. वरच्या-खालच्या पट्ट्यांना जागा दिली की पाने किंचित लहान होतात, एवढेच. एकवीस इंची पडद्यावर ही सोय निसटते आणि सत्तावीस इंचीवर ती ऐसपैस होते.

जबलपूरसारख्या शहरात या हिशेबाला प्रत्यक्ष अर्थ आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूरचे उच्च न्यायालय मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय झाले आणि त्याचे मुख्य पीठ जबलपूरला आले. तेव्हापासून हे वकिलांचे शहर आहे. वकिलाच्या घरच्या टेबलावर एका बाजूला निकाल आणि दुसऱ्या बाजूला लिहायचा मसुदा, अशी दोन पाने एकाच वेळी उघडी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ए-फोर कागद स्वीकारला, त्यामुळे नवे दस्तऐवज चोवीस इंची पडद्यावर नीट बसतात. जुनी प्रकरणे मात्र साधारण ३५ सेंटिमीटर लांबीच्या लीगल कागदावर आहेत, ती या उंचीत मावत नाहीत. अशा घराला पडदा उभा फिरवता येणारा स्टँड कडेच्या पातळपणापेक्षा कितीतरी उपयोगी. १९४७ चे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि २००५ साली सुरू झालेली माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पन व विनिर्माण संस्था यांमुळे शहरात विद्यार्थीही भरपूर आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एका नजरेत जितक्या ओळी दिसतील तितके बरे, म्हणजे त्याचीही गरज उंचीचीच.

पण खरी कसोटी लिपीची आहे. रोमन अक्षरे एका ओळीत सुटी सुटी बसतात. देवनागरी अक्षर शिरोरेघेच्या वर आणि पायाच्या खालीही वाढते. ‘मूर्तींना’ हा एकच शब्द घ्या. ‘ती’च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तीन चिन्हे एकाच जागी दाटतात, आणि शेजारच्या ‘म’खाली दीर्घ उकार लोंबतो. ‘विठ्ठल’, ‘श्रद्धा’, ‘राष्ट्र’, ‘दृष्टी’ या शब्दांत दोन-तीन व्यंजने एका अक्षराच्या जागेत कोंबलेली असतात. मराठीत तर याहून बारीक एक भेद आहे, जो हिंदीला लागत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावले तर गुरुजी येतात, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाकी. पहिल्यात रफार शिरोरेघेवर बसतो, दुसऱ्यात अर्धा र अक्षराच्या पुढे लहानशा कमानीसारखा चिकटतो. सगळा अर्थ त्या दोनचार ठिपक्यांत असतो. विंडोजवर वर्षानुवर्षे वापरला गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. संगणकासाठी देवनागरी टंक घडवताना हीच चिन्हे मोजक्या ठिपक्यांत वेगळी दिसतील अशी बसवावी लागतात. पडद्यावर ठिपकेच पुरेसे नसतील, तर चांगला टंकही हतबल होतो.

ते ठिपके, म्हणजे पिक्सेल, किती मिळतात ते साध्या भागाकाराने कळते. बारा पॉइंटचे अक्षर, म्हणजे छापील पुस्तकातल्याइतके, वर-खालच्या चिन्हांसकट सुमारे ४.२ मिलिमीटर उंचीच्या जागेत बसते. चोवीस इंची फुल एचडी पडद्यावर, म्हणजे १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या, एक ठिपका ०.२८ मिलिमीटरचा असतो. तेवढ्या उंचीत पंधरा ठिपके मावतात आणि देवनागरीचे काम चालते. हेच १९२० बाय १०८० ठिपके सत्तावीस इंची पडद्यावर पसरले की प्रत्येक ठिपका ०.३१ मिलिमीटरचा होतो आणि अक्षराच्या वाट्याला तेराच येतात. साडेएकवीस इंची लहान पडद्यावर मात्र सतरा मिळतात. म्हणजे त्याच ठिपक्यांचा स्वस्त, लहान मॉनिटर महागड्या, मोठ्या मॉनिटरपेक्षा अक्षर रेखीव दाखवतो. सत्तावीस इंच हवेच असतील, तर २५६० बाय १४४० ठिपक्यांचा पडदा घ्यावा, त्यात अठरा ठिपके येतात. आणि घरातला जुना बत्तीस इंची टीव्हीच मॉनिटर म्हणून जोडण्याचा विचार असेल, तर आधी त्याचे ठिपके पाहावेत. असे कित्येक टीव्ही १३६६ बाय ७६८ चे असतात. त्यांवर तेच अक्षर आठ ठिपक्यांत कोंबावे लागते, आणि आठ ठिपक्यांत वेलांटी, रफार, अनुस्वार वेगळे राहूच शकत नाहीत. पलंगावरून सिनेमा पाहायला तो टीव्ही उत्तम, हातभर अंतरावरून मजकूर वाचायला निरुपयोगी.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अक्षर बारीक दिसले तर मोठे करून घ्यावे, ठिपके कशाला मोजायचे? आक्षेपात तथ्य आहे. अक्षर मोठे केले की ठिपके वाढतात आणि चिन्हे सुटी होतात. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना तर कमी ठिपक्यांचा सत्तावीस इंची पडदा आयताच सोयीचा वाटू शकतो, कारण त्यावर सगळे काही मूळचेच मोठे दिसते. ज्या घरात मॉनिटर मुख्यतः आजी-आजोबांसाठी आहे, तिथे ही निवड चुकीची म्हणता येणार नाही. पण अक्षर मोठे केले की पानावर ओळी कमी मावतात आणि दोन पाने शेजारी ठेवण्याची सोय जाते. ज्या मोठ्या पडद्यासाठी जास्त पैसे मोजले, त्याची जागा अक्षर वाढवण्यातच संपते. जास्त ठिपक्यांच्या पडद्यावर हवे त्याने अक्षर मोठे करावे आणि हवे त्याने लहान ठेवावे, दोघांनाही ते रेखीव दिसते. एकाच मॉनिटरवर तीन पिढ्या बसत असतील तर ही लवचिकता महत्त्वाची.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा. घर म्हणजे कचेरी नव्हे. बैठकीच्या खोलीत दिवसभर डोळ्यांसमोर राहणारी वस्तू देखणी असावी, ही अपेक्षा रास्तच आहे, आणि लहान घरात तर पातळ वस्तूने खोली मोकळी वाटते. मात्र खुर्चीत बसलेल्याला आणि खोलीत वावरणाऱ्यालाही मॉनिटर बहुतेक वेळ समोरून दिसतो. देखणेपणा हवा तर पडद्याभोवतीची चौकट अरुंद असावी, केबली स्टँडमागे आवरता याव्यात, पृष्ठभाग चकचकीत नसावा. चकचकीत पडद्यात खिडकी आणि ट्यूबलाइट आरशासारखी उमटते, आणि दिवसा खिडकीसमोर ठेवलेला असा पडदा कितीही पातळ असला तरी सुंदर दिसत नाही. राहता राहिला मानेचा प्रश्न. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि अंतर साधारण पन्नास ते सत्तर सेंटिमीटर असावे. दुहेरी भिंगाचा चष्मा असणाऱ्याला पडदा आणखी खाली लागतो, नाहीतर खालच्या भिंगातून वाचण्यासाठी तो मान मागे टाकून बसतो. पहिलीतले मूल आणि उंच वडील एकाच खुर्चीत आळीपाळीने बसणार असतील, तर वर-खाली होणारा स्टँड ही चैन नसून गरज आहे. तो परवडत नसेल तर पडद्याखाली लाकडी पाट ठेवूनही उंची वाढवता येते. पण व्हेसाची भोके असतील तर पुढे कधीही चांगला आधार बसवता येतो, म्हणून ती असलेला मॉनिटर घेणे शहाणपणाचे.

हवामानाचा विचार मॉनिटरच्या जाहिरातीत क्वचितच येतो, पण माहितीपत्रकात तो असतो. बहुतेक घरगुती मॉनिटर शून्य ते चाळीस अंश सेल्सिअस या तापमानात वापरण्यासाठी बनवलेले असतात. जबलपूरला मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेला मॉनिटर सहज त्या मर्यादेला भिडतो. पातळ मॉनिटरचा अडॅप्टर पडद्यामागे, गादीखाली किंवा पुस्तकांच्या कपारीत ढकलायची सवय इथे घातक ठरते. त्याला मोकळी हवा लागते. विजेच्या चढउताराची भीती तुलनेने कमी आहे, कारण आजचे अडॅप्टर साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात. मात्र पावसाळ्यात विजा कडाडतात तेव्हा येणारा क्षणिक झटका ही वेगळी गोष्ट. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग असलेले सॉकेट हवे, आणि वादळात प्लग काढून ठेवणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: ही सगळी पारख दुकानात कोण करू देणार, आणि ऑनलाइन घेतले तर करायची कशी? पारखेला पंधरा मिनिटेही लागत नाहीत. ‘मूर्तींना’, ‘विठ्ठल’, ‘दर्या’, ‘दऱ्या’, ‘आचाऱ्यांना’ अशा शब्दांचे एक पान बारा पॉइंटमध्ये पेन ड्राइव्हवर न्यावे आणि शंभर टक्के आकारात उघडून हातभर अंतरावरून वाचावे. संगणकाची सेटिंग पडद्याच्या मूळ ठिपक्यांइतकीच आहे ना आणि जोडणी एचडीएमआयची आहे ना, हे आधी पाहावे. जुन्या व्हीजीए केबलने चांगल्या पडद्यावरही अक्षरे पुसट होतात. मग खुर्ची डावी-उजवीकडे सरकवून पाहावे: आयपीएस प्रकारच्या पटलावर रंग फारसे बदलत नाहीत, स्वस्त टीएन पटलावर ते उडतात. पूर्ण काळे चित्र लावून कोपरे पाहावेत, पूर्ण पांढरे लावून मेलेला ठिपका शोधावा. उजेड अगदी कमी करून पडद्यासमोर पेन भराभर हलवावे. पेनाच्या तुटक प्रतिमा दिसल्या तर पडदा लुकलुकतो आहे असे समजावे, आणि रात्री कमी उजेडात काम करणाऱ्याने तो टाळावा. मॉनिटरच्या मागे भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो पाहावा. खराब ठिपक्यांबद्दलची अट वाचावी आणि सेवा केंद्र शहरातच आहे का ते विचारावे. ऑनलाइन घेतलेल्या मॉनिटरची हीच परीक्षा परत करण्याच्या मुदतीत, पहिल्याच दिवशी घरी करावी. दुकानदार पान उघडू देत नसेल, तर शेजारचे दुकान गाठावे.

नागपूर आणि जबलपूर एकेकाळी एकाच प्रांतात होते. आज जबलपूरच्या मराठी घरातले मूल बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत शिकते. हिंदीचे पाठ्यपुस्तक देवनागरीतच असते, पण त्यात ‘दऱ्या’तला र येत नाही, कारण हिंदीला तो लागतच नाही. शाळेत न भेटणारे हे अक्षर त्या मुलाला एखाद्या मराठी मासिकात भेटेल, आणि त्याहून जास्त वेळा पडद्यावर: आजोबांच्या ईमेलमध्ये, मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर, मावशीने पाठवलेल्या गोष्टीत. तिथे दर्या आणि दऱ्या सारखेच धूसर दिसले, तर दोन शब्द आहेत हेच त्याला कळणार नाही. मॉनिटर सात-आठ वर्षे टेबलावर राहतो. तेवढ्या वर्षांत एक मूल अक्षरओळखीपासून कादंबरीपर्यंत पोचते. मॉनिटर निवडताना हा प्रवास डोळ्यांसमोर असू द्यावा.